झाकणावरचा गवती चहा

"पण बुवा, चहा करायला माणूस लागतोच कशाला?"

जयवंतनं हे विचारलं तेव्हा दामूबुवा चुलीपुढं बसून कप विसळत होते. वर्षभर त्यांचे हात थरथरत होते, त्यामुळं कप आपोआपच विसळला जात होता.

डोंगराच्या कुशीतला हा लहानसा मठ. इथं प्रवचन नाही, आरती नाही. येईल त्याला बुवांच्या हातचा गवती चहा, एवढीच उपासना. रिवाज असा, की बुवा ज्याच्या खांद्यावर चुलीचं फडकं टाकतील तो पुढचा बुवा.

जयवंत शहरातली नोकरी सोडून आला त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या फडक्यावर त्याचा जीव होता. माणूस हुशार, पण हुशारी त्याच्या नाकावर बसलेली.

"हे बघा." त्यानं कट्ट्यावर एक यंत्र ठेवलं आणि शेजारी लहान लहान डब्या रचल्या. "प्रत्येक डबीच्या झाकणावर हा कोड आहे. यंत्र तो वाचतं. पाणी किती, किती गरम, किती वेळ, सगळं त्यात लिहिलंय. तुम्ही फक्त बटण दाबायचं. डब्या मी स्वतः भरल्यात, झाकणंही मीच चिकटवलीत. यंत्र कधी चुकत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

बुवांना भलता आनंद झाला. त्यांनी एक डबी आत घातली आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. कप भरला.

बुवांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि खुदकन हसले.

"फक्कड! काय आहे हे?"

"गवती चहा."

"असं?..."

बुवांनी कप भाजीची पाटी टेकवून बसलेल्या अनसाकाकूंकडं सरकवला. काकूंनी बशीत ओतून फुर्रकन ओढला.

"अगं बाई! ह्यो तर ओव्याचा काढा हाय!"

"काकू, गवती चहा आहे तो," जयवंत म्हणाला. "हे बघा, यंत्राच्या काचेवर लिहून आलंय."

"मला कुठं वाचाया येतंय? पर ओवा कळतो."

एसटीचे ड्रायव्हर गफूरभाई तिथंच टेकले होते. त्यांनीही चव घेतली.

"ओवाच आहे, जयवंतराव. पोटाला एकदम बेस."

जयवंतनं यंत्राची काच पुसली. झाकण उन्हात धरून पाहिलं. मोबाइलवर कोड तपासला. सगळं बरोबर होतं. मग त्यानं दोघांना नीट समजावून सांगितलं, की चव घेताना माणसाच्या जिभेची फसगत कशी होते. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. चहासाठी शेजारी बसलेल्या मला तर त्याची दयाच आली.

"जयवंता," बुवा म्हणाले, "तू प्यायलास का?"

त्यानं कप उचलला. एक घोट. मग आणखी एक.

कानापर्यंत लाल झाला बिचारा. काल डब्या भरताना झाकणांची अदलाबदल त्याच्याच हातून झाली होती.

यंत्र गुरगुरायचं थांबलं होतं.

मग जयवंत उठला, काकूंसमोर गेला आणि त्यानं वाकून हात जोडले.

"काकू, चुकलो. ओवाच आहे. गफूरभाई, तुम्हालाही उगाच खोटं पाडलं."

"ऱ्हाऊ दे रं," काकू म्हणाल्या. "माझं पोट हलकं झालं."

सगळे हसले. जयवंतही हसला, पण डोळे भरलेले होते. तो मुकाट्यानं डब्या गोळा करू लागला. नऊ वर्षं पाण्यात गेली, असंच त्याला वाटत असणार.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर काहीतरी पडलं. धुरानं काळवंडलेलं, ओलसर फडकं.

"बुवा... हे मला? आज? एवढं चुकल्यावर?"

दामूबुवांनी यंत्राच्या डोक्यावर प्रेमानं थोपटलं.

"ह्यालाच देणार होतो रे. पण काकूंपुढं ह्याला हात जोडता येईनात."