एलियाची साक्ष

“…मग तुम्हीच सांगा आबा, नवऱ्यानं अख्ख्या मंडळीसमोर पाप कबूल करायचं आणि बायकोनं घरात फुगून बसायचं, हे कुठं लिहिलंय?”

एलिया तावातावानं बोलत होता. काखेत खंजिरी, अंगात परीटघडीचा सदरा. रविवारची सकाळ होती, उपासनेची घंटा अजून व्हायची होती.

फिलेमोनआबा देवळाच्या ओट्यावर बसून प्रभुभोजनाचा प्याला पुसत होते. नगरकडच्या त्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचे ते म्हातारे पाळक. एलियाला गुत्त्यावरून उचलून आणलं ते त्यांनीच, आणि पुढं भजनं-कीर्तनं शिकवली तीही त्यांनीच.

“तबिथा येत नाही म्हणते?”

“मेले तरी येणार नाही म्हणते. तुम्ही तिला चार शब्द सुनावा. प्रभुभोजनाच्या दिवशी कीर्तनकाराचीच बायको घरात… लोकांत माझी काय शोभा होईल?”

आबा पुसत राहिले.

त्या देवळात प्रभुभोजनाआधी पापांची कबुली द्यायची रीत होती. बाकीचे ती डोळे मिटून मनातल्या मनात देत. एलियाची मात्र खंजिरीवर चालायची. दारू पिऊन आपण बायकोला कसं मारलं, केसांना धरून अंगणात कसं ओढलं, तिचं लुगडं कसं फाटलं. दर वेळी काहीतरी नवं निघायचं. आणि लोक! लोकांचं काय जातंय? डोळ्याला पदर लावून ऐकायचे, वर ‘हालेलुया’ म्हणायचे. शेजारच्या गावांतून त्याला बोलावणी यायला लागली होती. बायकांच्या बाजूला ती बाई मान खाली घालून बसलेली असायची. तिच्याकडे कुणी धड बघितलं असेल तर शपथ!

“आज काय सांगणार आहेस?” आबांनी विचारलं.

एलियाचा चेहरा उजळला. “दाताचं.”

“कसलं दाताचं?”

“तिचा पुढचा दात मी पाडला होता ना, ते. आजवर कधी सांगितलं नव्हतं. काल घरी जरा म्हणून बघत होतो, ते तिनं ऐकलं. तेव्हापासून तोंड फिरवून बसलीय.”

आबांचा हात थांबला.

“तिला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? पाप माझं आहे.”

“दात तिचा आहे.”

एलिया उसळला.

“वा आबा! लोक पापं झाकून ठेवतात, मी उघडी करतो, तरी चूक माझीच? कबुली दिल्याशिवाय प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“शिकवलं. देवाला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मंडळीला?”

“दर खेपेला.”

“तबिथाला?”

“तिला काय सांगायचं? तिला ठाऊकच आहे सगळं.”

“आणि देवाला ठाऊक नव्हतं?”

आबा उठून उभे राहिले.

“तू मारलंस तेव्हा चार शेजारी बघत होते. आता गावोगाव सतरंज्या टाकून माणसं बघायला बसवतोस. लाज नाही वाटत? तुझी दारू सुटली रे. तिचा मार कुठं थांबला?”

आबांनी त्याच्या काखेतली खंजिरी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

“घरी जा.”

“आबा, घंटा व्हायची वेळ झालीय…”

“घंटेचं मी बघतो.”

“घरी जाऊन काय बोलू?”

“मला विचारतोस? सगळा गाव रडवतोस तू.”

“तेव्हा खंजिरी असते हातात…”

“ती इथंच राहील.”

एलिया पायऱ्या उतरला. लोक यायला लागले होते. कुणीतरी हसून विचारलं, “काय कीर्तनकार, आज नवीन काय?” तो तसाच पुढं चालत राहिला.

फाटकापाशी जाऊन तो थांबला आणि परत ओट्यापाशी आला. त्याचा तो देऊळ भरून टाकणारा आवाज कुठं गेला कोण जाणे. आबांना ऐकायला वाकावं लागलं.

“आबा… तिनं माफ नाही केलं तर?”

आबांनी प्याला परत हातात घेतला.

“तर तसाच ये. आज पहिल्यांदाच पापी म्हणून येशील.”