दरोगासाहेब बाहेर गेले तेव्हा

कोकणातल्या एका संस्थानात नावा बांधणाऱ्या दोन गोद्या होत्या. मोठ्या गोदीचा कारभार दरोगा अंबाजीराव पाहत आणि धाकट्या गोदीचा धाकू मेस्त. धाकूने पूर्वी नऊ वर्षं अंबाजीरावांच्या हाताखाली सुतारकाम केलं होतं.

राणीसाहेबांना समुद्रमार्गे माहेरी जायचं होतं. दोन्ही गोद्यांत एकेक नवी नाव तयार होती. त्यातली एक निवडायला महाराज मोठ्या गोदीत आले आणि दोघांना समोर बोलावून विचारलं, “तुमच्या नावेत दोष किती?”

“एकही नाही,” अंबाजीराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

“सतरा होते. चौदा काढले, तीन उद्या निघतील,” धाकू म्हणाला.

अंबाजीराव हसले. “नऊ वर्षं माझ्याकडे राहून हेच शिकलास?”

“होय साहेब, आपल्याकडेच शिकलो.” धाकू महाराजांकडे वळला. “सरकार, दरोगासाहेबांना घटकाभर बाहेर बसवा आणि हाच प्रश्न त्यांच्या सुतारांना विचारा. खरं बोलणाऱ्याची नोकरी जाणार नाही, एवढा शब्द मात्र द्या.”

महाराजांनी शब्द दिला. अंबाजीराव गोदीबाहेर गेले. महाराजांनी सुतारांना तोच प्रश्न विचारला. मग एक म्हातारा सुतार चाचरत म्हणाला, “तळाच्या दोन फळ्या कच्च्या आहेत, सरकार.” त्याच्यामागून दुसरा बोलला, मग तिसरा. अंबाजीरावांना आत बोलावलं, तोवर एकतीस दोष निघाले होते.

महाराजांनी धाकूची नाव निवडली आणि दोन्ही गोद्या त्याच्या हवाली केल्या.

“पण ही माणसं गप्प आहेत, हे तू कसं ओळखलंस?” त्यांनी विचारलं.

“नऊ वर्षं मीही त्यांच्यातच उभा होतो, सरकार.”