होडीच्या वेळांचं पान

फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. खाडीतल्या होड्यांच्या वेळांचं पान एक सर्व्हर स्वतः मांडून प्रत्येक फोनला धाडायचा. एकदा त्याला कंटाळा आला. "सुटे भाग पाठवतो, तुमचं तुम्ही जुळवा," तो म्हणाला. शेजारच्या नव्याकोऱ्या फोनने ते चुटकीसरशी जुळवले, तसा सर्व्हर निर्धास्त झाला.

पलीकडच्या तीरावर द्वारकाआत्याची बहीण शेवटच्या घटका मोजत होती. आत्याचा जुना फोन भाग जुळवता जुळवता तापला. "दादा, मला झेपत नाही. तूच मांडून दे ना!" सर्व्हरला ते खरं वाटेना. पडदा पांढराच राहिला आणि शेवटची होडी सुटली.

सकाळी सर्व्हरला सगळं कळलं. त्याने पान स्वतः मांडून धाडलं. जुन्या फोनवर ते क्षणात उघडलं.

आत्याने फोन पालथा ठेवला. "आता पलीकडे कुणाकडे जाऊ रे?"