हारामागची जाळी

घरात एसी येणं म्हणजे नवलाई होती, तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याच्या सुमनबाई डोंगरे दर दसऱ्याला आपला एसी लख्ख पुसायच्या, हळदकुंकू वाहून त्याला झेंडूचा हार घालायच्या. झाकण मात्र त्यांनी कधीच उघडलं नाही. एवढी मोलाची वस्तू, उगाच हात कशाला लावायचा!

त्या झाकणामागे धूळ अडवणारी जाळी राहायची. तिसऱ्या दसऱ्याला ती एसीला म्हणाली, "दादा, माझी भोकं बुजलीत. जरा घरघर कर, म्हणजे बाई मला काढून नळाखाली धरतील."

एसी हार मिरवत होता. "सणाच्या दिवशी रडगाणं नको. आपला मान बघ केवढा!"

पुढे सुमनबाईंची लेक कस्तुरी खोकू लागली. जाळी कळवळली, "दादा, धूळ आता माझ्यात मावत नाही. पोरीच्या छातीत जातेय." एसीने आवाज आणखीच दाबून धरला.

वैशाखातल्या एका दुपारी तो थांबला, तो थांबलाच. कारागिराने झाकण उघडून काळीठिक्कर जाळी बाहेर काढली. "बाई, हिला कधी धुतलं होतं?"

सुमनबाईंनी वर पाहिलं. दसऱ्याचा हार वाळून तसाच लटकत होता, गेलेल्या माणसाच्या फोटोवर असतो तसा.