शिंपल्याचा ठसा

एकदा एक तांबट आपला वडिलोपार्जित ठसा कानशीने घासून टाकायला निघाला. ठसा शिंपल्याचा होता. चार पिढ्या त्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हंड्याच्या, घंगाळाच्या काठाखाली तो उमटत आला होता आणि गावोगावचे लोक त्या भांड्यांना 'शिंपलाछाप' म्हणत. आता त्याच पेठेत एका नव्या व्यापाऱ्याने 'शिंपलाछाप भांडार' या नावाने पेढी नोंदवली, भलीमोठी पाटी लावली आणि नोंदणीच्या कागदासह निरोप धाडला, "नाव आमचे झाले. यापुढे शिंपला उमटवाल, तर कोर्टात खेचू."

कागदावरचा सरकारी शिक्का पाहून तांबटाने कानस उचलली. ती हातात घेऊनच तो आपल्या गुरूंकडे गेला. ते वृद्ध गृहस्थ कायदा कोळून प्यालेले होते. कागद वाचून ते एवढेच म्हणाले, "तुझ्या दुकानाची पाटी उतरव."

'होते नव्हते तेही गेले,' असे तांबटाच्या मनात आले. पण गुरूंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो बिननावाच्या दुकानात बसला. गुरूही कोपऱ्यात येऊन बसले.

दुपारी एक आंधळी म्हातारी विचारत विचारत आली. बरोबर सून होती आणि सुनेच्या काखेत नवाकोरा हंडा.

"शिंपला उमटवनारा तांबट तूच न्हवं? काल हिनं त्या नव्या भांडाराच्या पाटीवरचं नाव वाचून ह्यो हंडा आनला. म्या काठाखाली बोट फिरवलं, तर शिंपलाच न्हाई! साठ वर्सांमागं माझ्या लग्नात आलेलं घंगाळ तुझ्या आज्याच्या हातचं हाय, लेकरा. मला फसवत्यात व्हय?"

तांबटाने आपला एक हंडा पुढे ठेवला. म्हातारीचा अंगठा काठाखाली गेला, शिंपल्याच्या रेषांवरून सावकाश फिरला आणि तिचा चेहरा उजळला. "ह्यो खरा."

हजारो वेळा तांबटाने त्या ठशावर हातोडा मारला होता. तो ठसा कोणाच्या बोटात साठ वर्षे जपला जात असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

म्हातारी गेल्यावर गुरू म्हणाले, "पाटी सांगते, व्यापार कोण करतो. खूण सांगते, माल कोणाच्या हातचा. पेढीचे नाव नोंदवले म्हणून खुणेची मालकी मिळत नाही. ती आधीपासून अखंड वापरणाऱ्याची. उलट, ज्या नावाने गिऱ्हाईक फसते, ते नाव पाटीवरून उतरवायला न्यायालय सांगू शकते. फसलेले गिऱ्हाईक आज तुझ्या दारी येऊन बोलले, तीच तुझी साक्ष. पण आळस तुझाही आहे. खूण वेळीच नोंदवली असतीस, तर साक्षी शोधत फिरावे लागले नसते. उद्याच अर्ज कर."

"आणि पाटी?" तांबटाने विचारले.

"लाव की! ती काढली तरी तुला ओळखणारे आहेत, एवढेच तुला दाखवायचे होते."

तांबटाने कानस ठेवून दिली आणि ठसा उचलून कपाळाला लावला. मग डोळे मिटून, म्हातारीसारखाच, आपल्या हंड्याच्या काठाखालून त्याने अंगठा फिरवला. आजोबांच्या हाताची ओळख त्याला त्या दिवशी प्रथम पटली.

दारावर नाव लावणाऱ्या प्रत्येकाने एकदा आपल्या मालावरूनही असाच अंगठा फिरवून पाहावा.