सुदाम वाकळे मायक्रोस्कोप सांभाळतो

एका विद्यापीठात एक भोळा विद्यार्थी होता. नाव सुदाम वाकळे. 'कमवा आणि शिका' योजनेत त्याला मायक्रोस्कोपच्या खोलीत काम मिळालं. तिथे बारीक वस्तूंचे मोठे फोटो काढत.

खोलीच्या प्रमुख देवस्थळी मॅडम. त्यांचा मायक्रोस्कोप इतका जुना की त्याची एक बाजू रबरबँडने आवळून ठेवावी लागे. नवा मिळावा म्हणून त्या कित्येक वर्षं अर्ज करत होत्या. यंदा कुठे अर्ज वरच्या टेबलापर्यंत चढला होता, आणि पाहणीला समिती येणार होती.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "हे बघ सुदाम, इथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सांगितलं तेवढंच करायचं."

"ते जमेल, मॅडम."

"काचेवर धुळीचा कण दिसता कामा नये. काच दिसली की पुसायची."

मॅडम चहाला गेल्या. तेवढ्यात रुबिना मुजावर नावाची संशोधक मुलगी टेबलावर काचेची पट्टी ठेवून गेली. पट्टीवर तिने जिवापाड जपून वाढवलेली बुरशी होती. सुदामने पाहिलं. काच होती. त्याने पुसली.

रुबिना परत आली. "माझी बुरशी कुठंय?"

"होती, ताई. पण निघाली. डागसुद्धा राहिला नाही."

रुबिना मटकन खाली बसली. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, पुसत काय सुटलास? इथे सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे. दिवे बंद, आवाज बंद. जरा कुणी हललं की फोटो बिघडतो."

"आता लक्षात आलं," सुदाम म्हणाला.

मग समिती आली. मॅडम नेमक्या एका सहीसाठी कार्यालयात अडकल्या होत्या. सुदामने समितीला आत बसवलं, दिवे मालवले आणि कुजबुजला, "कुणी हलायचं नाही. बोलायचंही नाही."

समिती हलली नाही. अध्यक्षांना छान झोप लागली. मॅडम धापा टाकत आल्या, तेव्हा आतून घोरण्याचा आवाज येत होता. दिवा लागल्यावर अध्यक्ष डोळे चोळत म्हणाले, "अशी शिस्त दुसरीकडे पाहिली नाही." समितीला एकही प्रश्न पडला नाही. प्रश्न पडले नाहीत की समितीचं समाधान झालं असं धरतात. नवा मायक्रोस्कोप मंजूर झाला.

मॅडमना रागवावं की नाही ते ठरेना. "पाहुणे वेगळे, नमुने वेगळे, बाबा. पाहुण्यांना उजेडात बसवायचं, पाणी द्यायचं. कुणी दारात डबा ठेवून गेलं तर मात्र त्यावर नाव लिहायचं आणि तडक मोठ्या फ्रीजरमध्ये."

"एवढंच ना," सुदाम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मागवलेला पेढ्यांचा डबा आला. सुदामने वर नाव लिहिलं, 'पेढे', आणि डबा मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवला. त्या फ्रीजरपुढे हिमालयसुद्धा उबदार वाटावा. संध्याकाळी कुलसचिवांनी पेढा तोंडात घातला, मग काढला, मग टेबलावर आपटून पाहिला. टेबलाला खोक पडली.

"तू काय आमचे दात पाडणार आहेस?" मॅडम म्हणाल्या. "आनंदाची वस्तू कधी कोंडून ठेवतात? खोका आला की उघडायचा. सगळ्या विभागांना वाटायचं. आणि आपण घरचे, आपण शेवटी घ्यायचं. ही साधी रीत आहे."

"आमच्या घरीही अशीच आहे," सुदाम म्हणाला. ही गोष्ट त्याला मनापासून पटली.

महिन्याभराने मॅडम कंपनीच्या इंजिनिअरला आणायला स्टेशनवर गेल्या. येताना त्यांनी रिक्षावाल्यालासुद्धा नव्या मायक्रोस्कोपबद्दल सांगितलं. खोलीत आल्या तर कोपऱ्यात रिकामी खोकी एकात एक घालून नीट रचलेली.

"मशीन कुठंय?" इंजिनिअरने विचारलं.

सुदामने आधी त्याला पाणी दिलं. मग म्हणाला, "सगळं पोचवून आलो, मॅडम. दिवा भौतिकशास्त्राला. कॅमेरा पत्रकारितेला. भिंगं मराठी विभागाला, तिथे सरांना बारीक टाइप दिसत नाही, ते फार खूश झाले. टेबल संगीतवाल्यांना, त्यांनी लगेच तबला मांडला. वायरी कँटीनला."

मॅडम भिंतीला टेकल्या. त्यांनी विचारलं, "आणि आपल्याला रे?"

"आपण घरचे ना, मॅडम. आपलं शेवटी. पण तुमचा वाटा मी विसरलो नाही."

त्याने मोठा फ्रीजर उघडला. आत थर्माकोल होता. स्वच्छ पुसलेला. वर मॅडमचं नाव.