भेंडीच्या फुलाचा ठसा

एका राज्यात घरोघरी ठसे होते. मूल जन्मले की सहाव्या दिवशी घरातली माणसे आईचे जुने लुगडे भिजवीत, कुटीत आणि त्याचा एक कागद करीत. मग लाकडाचा लहानसा ठसा कोरीत. कोणाला मासा, कोणाला कणीस, कोणाला नुसतीच चांदणी. कागदावर ठसा उमटला की मूल त्या घराचे झाले. ठसा देवघरात राही आणि मूल अंगणात खेळे.

राजा भानुमंताला हे पसंत नव्हते. इतके ठसे म्हणजे नुसता गोंधळ, असे त्याचे मत. "राज्य एक, तर ठसाही एक," तो म्हणाला. त्याने खैराच्या लाकडाची राजमुद्रा करवली आणि घरोघरचे ठसे गोळा करून चौकात पेटवले. न्याय सर्वांना सारखा हे दिसावे म्हणून पहिला ठसा स्वतःच्या मुलीचा टाकला. ती जन्मली तेव्हा राजा स्वारीवर होता. परत आला तेव्हा राणी नव्हती. तिने कोरलेला ठसा तेवढा पुरचुंडीत बांधून ठेवलेला होता. पुरचुंडी न सोडताच त्याने ती आगीत टाकली.

आगीपलीकडे भिमका उभी होती. ती जादूगारीण होती आणि राज्यातल्या आयांना ठसे कोरायला शिकवी.

"राजा, प्रत्येक ठशात एक लेकरू होते," ती म्हणाली.

"ठशात लाकूड असते."

"बरे. मग तुझे लाकूड उमटव. जितक्यांदा उमटेल, तितकी लेकरे कोरी होतील."

एवढे बोलून ती रानात निघून गेली.

मुद्रा उमटू लागली आणि मुले कोरी होऊ लागली. आधी तळहातावरच्या रेषा गेल्या. मग हाक मारली तरी ती वळेनात. मग चेहरा गेला. नाक नाही, डोळे नाहीत, खळ लावून घोटलेल्या कागदासारखा नुसता गुळगुळीत कोरेपणा. मुले चालत, बसत, भरवले तर जेवत, पण कोणाची कोण हे आयांनाही कपड्यांवरूनच कळे. अंगणे शांत झाली. गावात आवाज उरला तो फक्त मुद्रेचा.

राजाने उपाय केला. त्याने फर्मान लिहवले, की या राज्यात कोणतेही मूल कोरे होता कामा नये. त्यावर मुद्रा मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी राजकन्या शेवंती बिछान्यात उठून बसली, तेव्हा तिला चेहरा नव्हता.

राजाने मुद्रा खाली ठेवली. त्यानंतर ती कशावरही उमटवली नाही. तो मुलीसमोर बसून राहिला आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तिचे डोळे कसे होते हे त्याला नीट सांगता येत नव्हते.

खिडकीत एक सुतारपक्षी येऊन बसला.

"तीन कामे आहेत," पक्षी म्हणाला. "तुझ्यामुळे ज्या परक्या घरचे मूल कोरे झाले त्या घरच्या चिंधीचा कागद, तुझ्या हातचा. भिमकेच्या दिव्याची काजळी, शाईसाठी. आणि लाकूड या मुद्रेचे. लेकरे त्यात अडकली आहेत."

"मग माझी मुलगी परत येईल?"

"मी पक्षी आहे, राजा. मला लाकडातले कळते. माणसांतले फारसे नाही."

राजा पायी निघाला. साळ्यांच्या आळीच्या टोकाला हौसा साळीण राहत होती. तिचा रायबा पहिल्याच आठवड्यात कोरा झाला होता.

"चिंधी हवी," राजा म्हणाला.

"हुकूम आहे की मागणे?"

"मागणे."

"मग थांबा. हुकूम असता तर माझ्या घरात चिंधी नव्हती." ती आतून जुने लुगडे घेऊन आली. "हे रायबासाठी राखले होते. अर्धे तुमच्या मुलीला घ्या. आणि कुटताना मोगरी दोन्ही हातांनी धरा, महाराज. हात नाजूक दिसतात."

राजाने लुगडे चुन्याच्या पाण्यात भिजवले, कुटले, लगदा पाण्यात कालवून काड्यांच्या चाळणीवर उचलला. पहिला कागद फाटला. दुसरा भाकरीएवढा जाड झाला. तिसरा उन्हात वाळला तेव्हा वेडावाकडा होता, पण कागद होता.

काजळीसाठी तो रानात गेला. भिमकेच्या झोपडीत जळालेल्या ठशांसाठी दिवा तेवत होता. राजाने ज्योतीवर तांब्याची ताटली धरली. बोटे भाजली, तरी काजळी धरेपर्यंत त्याने हात मागे घेतला नाही.

"यात बाभळीचा डिंक घाल," भिमका म्हणाली. "शाई झाली. आता ठशावर काय कोरशील?"

राजाने पुरचुंडी कधी सोडलीच नव्हती.

"राणीने माझ्यासमोर कोरला तो. पण मी सांगणार नाही. मुलीने तुला सांगितले आहे."

"ती कधी काही बोलली नाही."

"रोज बोलत होती. तू रोज चुना लावलास."

राजाला अर्थ लागला नाही. तो परतला आणि मुद्रा चौकात आणून ठेवली. खैराचे लाकूड कुऱ्हाडीला दाद देईना. सुतारपक्ष्याने चोच मारली, तशी मुद्रा ढलप्या ढलप्या होऊन पडली. त्या पोत्यात भरून, शाई घेऊन राजा घरोघर फिरला. आया उंबऱ्यावर बसून कोरू लागल्या आणि घरच्या चिंधीच्या कागदावर उमटवू लागल्या. कोणाला मासा, कोणाला कणीस. कोणीही आठवायला थांबले नाही. एकेका घरातून रडण्याचा आवाज येऊ लागला, कारण मुले परतली की आधी रडतच होती.

शेवंतीसाठी राजाने एक ढलपी कमरेला खोचून ठेवली होती. साळ्यांच्या आळीच्या टोकाला पोचला तेव्हा पोते रिकामे झाले होते. दारात हौसा उभी होती, रायबाचा गुळगुळीत चेहरा पोटाशी धरून. तिने पोत्याकडे पाहिले. मागितले काहीच नाही.

राजाने कमरेची ढलपी काढली. त्यावर काय कोरायचे हे त्याला ठाऊक नव्हते. तिला होते. त्याने ती तिच्या हातावर ठेवली आणि मागे वळला.

राजवाड्यात येऊन तो शेवंतीच्या दालनात भिंतीला टेकून जमिनीवर बसला. राजा तिथे जमिनीवर कधी बसला नव्हता. पाठीला पांढरा चुना लागला. ठसे जाळल्यापासून ही मुलगी भिंती मळवते, अशी दासींची तक्रार होती, आणि भिंती रोज पांढऱ्या करा असा त्याचाच हुकूम होता. मुद्रेसकट.

त्याने नखांनी चुना खरवडला. खाली हिरवट डाग होता. पाच कोनांचे फूल, मधे बियांच्या पाच टिकल्या. आईचा ठसा मुलीने पुरचुंडी सोडून पाहिला होता. शेजारी आणखी एक. राजा गुडघ्यांवर सरकत भिंतभर खरवडत गेला, आणि त्याच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत सगळी भिंत फुलांनी भरलेली निघाली.

तो स्वयंपाकघरात गेला. भेंडी घेतली, देठाकडून आडवी कापली, शाईत बुडवली आणि वेड्यावाकड्या कागदावर टेकवली. दालनात शेवंतीने डोळे उघडले. ते करडे होते.

पण भेंडी ती भेंडी. रात्री ती सुकली आणि पहाटे चेहरा पुन्हा कोरा झाला. हौसा आपली ढलपी अर्धी करून देण्यास आली. राजाने ती घेतली नाही. अर्ध्या ठशाचे मूल अर्धेच राहते.

मग राजाने वाड्यामागे भेंडीचे वाफे केले. रोज पहाटे तो मुलीला हाताशी बसवी, भेंडी कापी आणि ठसा उमटवी. ज्या दिवशी हात थरथरे, त्या दिवशी तिचे हसू जरा तिरपे येई. वर्षे अशी गेली. राजा वाकला.

एका पहाटे त्याला ताप भरला आणि जाग आली तेव्हा ऊन चढले होते. भिंत धरत तो स्वयंपाकघरात आला.

शेवंती विळीपाशी बसली होती. समोर कागद, कागदावर ओले फूल. पहाटे तिला डोळे नव्हते. पण इतकी वर्षे रोज बापाच्या हाताशी बसून तिचे हात काम शिकले होते.

"बाबा, तुम्ही देठापासून फार लांब कापता," ती म्हणाली. "म्हणून फूल बारीक येते."

रात्री भेंडी सुकली. राजा बिछान्याशी जागा राहिला. पहाट झाली, ऊन आले, आणि तिचा चेहरा जिथल्या तिथे होता. ठसा आता तिचा तिने उमटवला होता.

त्या राज्यात पुढे मुद्रा झाली नाही. राजाला पहाटे उठायची सवय मात्र सुटली नाही. तो उठे, आणि हातांना काम नाही म्हणून वाफ्यांना पाणी घाली. शेवंतीला तिचा ठसा लाभला, तसा ऐकणाऱ्यांच्या घरातल्या लेकराला त्याचा लाभो.